गोळी घेणारी सायटेशन देत नाही

‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’, खंड १९, साल १९७६, पान २७६. जेमतेम चार पानांचा पेपर. शीर्षकाच्या सुरुवातीला ‘अँटिफर्टिलिटी एजंट्स’ आणि त्यापुढे १२ हा आकडा, म्हणजे मालिकेतला हा बारावा. विषय ३,४-डायफिनाइलक्रोमीन आणि क्रोमॅन या घराण्यातल्या रेणूंचा: रचना कशी बदलली की गुण कसा बदलतो. लेखक सहा. राय, ग्रोव्हर, कांबोज, सेट्टी, कर आणि सगळ्यात शेवटी आनंद. पत्ता सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूट (सीडीआरआय), लखनौ.

हे शेवटचे आनंद म्हणजे डॉ. नित्या आनंद. २७ जानेवारी २०२४ ला लखनौत वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी ते गेले. रसायनवाल्यांच्या बाहेर त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांची गोळी मात्र ठाऊक असते. सेंटक्रोमॅन, बाजारातलं नाव ‘सहेली’, आणि आता सरकारी दवाखान्यात मिळते ती ‘छाया’. जगातली पहिली बिगर-स्टेरॉइड गर्भनिरोधक गोळी, भारतात शोधलेली, भारतातच तपासलेली. मृत्युलेखांमध्ये तिच्या मागोमाग ठरलेले आकडे होते: चारशेहून अधिक शोधनिबंध, १३० च्या आसपास पेटंट. ते वाचताना मला हा बारावा पेपर आठवला, कारण असे पेपर शोधून देणं हा कधी काळी माझा पोटापाण्याचा उद्योग होता.

मी एका औषध कंपनीच्या ग्रंथालयात साहित्यशोधाचं काम करायचे. केमिस्ट यायचे, कागदाच्या चिटोऱ्यावर एक रचना खरडून द्यायचे आणि म्हणायचे, ‘मॅडम, हे कुणी करून ठेवलंय का बघा ना.’ सुरुवातीला केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सचे जाडजूड खंड होते. रेणूतले कार्बन-हायड्रोजन मोजायचे आणि फॉर्म्युला इंडेक्सवरून बोट फिरवत बसायचं. पुढे संगणक आला आणि बोटाचं काम माउसकडे गेलं. उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं: झालंय, अमुक साली, तमुक ठिकाणी, आणि लागू पडलेलं नाही. हे ऐकून केमिस्टचा चेहरा पडेल असं बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात तो खूश व्हायचा. तीन महिन्यांची मेहनत वाचली. तो दुसरा कोपरा बदलायला घ्यायचा. कंपनी पेपर छापत नसे, त्यामुळे ज्या पेपराने ते तीन महिने वाचवले त्याचा उल्लेख कुठल्याही संदर्भसूचीत व्हायचा नाही. त्याच्या खात्यावर सायटेशन, म्हणजे दुसऱ्याच्या पेपरात झालेला उल्लेख, जमा व्हायचं नाही.

मेडिसिनल केमिस्टच्या लिखाणाचा बराचसा उपयोग असाच होतो. कुणाला न कळता.

हे सगळं डोक्यात यायला दुसरंही एक निमित्त आहे. अलीकडे दर वर्षी पावसाळा सरता सरता स्टॅनफर्डची ती यादी येते. जॉन आयोॲनिडिस आणि त्यांचे सहकारी सायटेशनांचं गणित मांडून जगभरातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांची नावं काढतात, आणि आपल्याकडच्या जिल्हा आवृत्त्यांमध्ये बातम्या सुरू होतात. अमक्या महाविद्यालयाचे प्राध्यापक जगातल्या दोन टक्क्यांत. गेटवर फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, संस्थाचालक फोटोत मधोमध उभे राहतात. मी याची टिंगल करत नाही. तालुक्याच्या गावात, गळक्या फ्यूम हूडखाली उभं राहून रसायनशास्त्र करणाऱ्या माणसाला कुणी शाल दिली तर मला आनंदच होतो. फक्त यादीत नाव आलं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्या फ्लेक्सवर कुणी लिहीत नाही. इतरांनी त्यांच्या पेपरांचा उल्लेख केला, एवढंच झालेलं असतं. उल्लेख कौतुकाचा, खोडून काढणारा, की केवळ प्रस्तावनेत चार नावं हवीत म्हणून, हे गणिताला कळत नाही.

या मोजदादीचा इतिहास तसा ताजा आहे. यूजीन गारफील्डची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ सालची. एच-इंडेक्स तर २००५ चा, होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला. एखाद्याचे वीस पेपर किमान वीस-वीस वेळा उल्लेखले गेले असतील तर त्याचा एच वीस. सुटसुटीत आहे, म्हणून तर निवड समित्यांना भावला. नित्या आनंद १९८४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता. शिवाय ‘आनंद, एन.’ या नावाने शोध घ्यायला गेलात तर देशभरातले सगळे आनंद एका पंगतीला येऊन बसतात आणि कुणाचं ताट कुठलं ते हाताने निवडावं लागतं. चिनी आडनावांची तऱ्हा याहून बिकट आहे. पण तो विषय निघाला तर मी थांबणार नाही.

नित्या आनंदांचा जन्म १९२५ चा, लायलपूरचा. आताचं फैसलाबाद. शिक्षण लाहोर, मग दिल्ली, आणि तिथून मुंबई. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, त्यांनी के. वेंकटरामन यांच्या हाताखाली पीएचडी केली, १९४८ साली. मधल्या काळात फाळणी झाली आणि जन्मगाव दुसऱ्या देशात गेलं. आता ‘आयसीटी’ म्हणतात त्या संस्थेला जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात, मीही म्हणते. वेंकटरामन तिथले पहिले भारतीय संचालक. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. त्यांची ख्याती रंगांच्या रसायनाची, पण रसायनाच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव येतं ते बेकर-वेंकटरामन पुनर्रचनेमुळे. फ्लेवोन बनवण्याची ही वाट १९३३-३४ च्या सुमारास इंग्लंडात बेकर आणि लाहोरात वेंकटरामन यांनी वेगवेगळी शोधली. फ्लेवोनचा गाभा म्हणजे बेंझिनच्या कडीला चिकटलेली दुसरी कडी, तिच्यात एक ऑक्सिजन.

सेंटक्रोमॅनचा गाभाही याच कुळातला आहे. बेंझिनला लागून सहा अणूंची कडी, तिच्यात एक ऑक्सिजन. या जोडीलाच क्रोमॅन म्हणतात. गुरूच्या हातातली कडी शिष्याच्या गोळीत आली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि रसायनात असे योगायोग पैशाला पासरी असतात. तरीही लाहोर, माटुंगा, लखनौ या वाटेवर ही ऑक्सिजनवाली कडी तीनदा भेटते, हे दिसलं की मला बरं वाटतं. वंशावळी काढायची हौस आपल्याला असतेच.

माटुंग्यानंतर केंब्रिज. तिथे अलेक्झांडर टॉड यांच्याकडे न्यूक्लिक आम्लांच्या रसायनावर १९५० मध्ये दुसरी पीएचडी. टॉडना १९५७ मध्ये नोबेल मिळालं. असा माणूस तिकडेच राहिला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. ते १९५१ मध्ये लखनौला आले. सीडीआरआय तेव्हा नुकतीच सुरू होत होती, त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला नेहरूंनी उद्घाटन केलेली. जागा छत्तर मंझिल, गोमतीच्या काठावरचा नबाबी महाल. ब्रिटिश अमदानीत तिथे साहेबलोकांचा क्लब होता. घुमट, कमानी, उंच छतं, आणि त्याखाली ईथरचा वास. पुढची साठ वर्षं ही संस्था त्या महालातच होती. जानकीपुरमच्या नव्या इमारतीत ती २०१२ मध्ये गेली.

मध्ये काही काळ ते हार्वर्डला बर्नार्ड डेव्हिस यांच्याकडे जाऊन आले. स्ट्रेप्टोमायसिन जंतूला मारतं ते नेमकं कसं, हा प्रश्न. १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये आनंद आणि डेव्हिस यांचा छोटा पेपर आला: हे औषध ई. कोलायच्या पेशीचं आवरण बिघडवतं, असा. थोड्याच वर्षांत इतरांनी दाखवलं की स्ट्रेप्टोमायसिनचा खरा घाव रायबोसोमवर, प्रथिनं विणणाऱ्या यंत्रणेवर बसतो. साहजिकच आवरणाची गोष्ट मागे पडली. मग १९८६ मध्ये डेव्हिस यांच्याच गटाने दोन्ही टोकं जुळवली. रायबोसोम चुकतो, वेडीवाकडी प्रथिनं तयार होतात, ती आवरणात घुसून भोकं पाडतात आणि त्यातून आणखी औषध आत शिरतं. म्हणजे १९६० साली दिसलेलं बरोबर होतं, फक्त त्याची जागा मधल्या पायरीवर होती. त्या पेपराचा ‘प्रभाव’ १९७५ साली मोजला असता तर काय निघाला असता आणि १९९० साली काय, याचा विचार निवड समितीच्या टेबलाशी बसलेल्या कुणीतरी अधूनमधून करावा.

आता पुन्हा त्या बाराव्या पेपराकडे.

साठच्या दशकात या कामाला घाई होती. सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासून चालू होता. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळी आली, पण ती स्टेरॉइड हार्मोनची आणि रोज घ्यायची. लखनौच्या मंडळींना पिच्छा पुरवायचा होता तो वेगळ्या रेणूचा. बीज बाहेर पडू द्यायचं, अंडाशयाच्या कारभारात शक्य तितकी ढवळाढवळ टाळायची, फक्त गर्भाशयाचं अस्तर आणि फलित बीज यांचा मुहूर्त चुकवायचा, म्हणजे गर्भ रुजणार नाही. कल्पना अशी एका वाक्यात सांगता येते. प्रत्यक्षात एक रेणू घ्यायचा, त्याचा एक कोपरा बदलायचा, उंदरांना द्यायचा, निकाल लिहायचा, मग पुढचा कोपरा. एका अंगाला केमिस्ट, दुसऱ्या अंगाला कर, कांबोज, सेट्टी यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ. केमिस्टने महिनाभर खपून ग्रॅमभर पावडर द्यायची आणि पलीकडून निरोप यायचा: काही नाही.

या सगळ्यातून जो टिकला त्याची रचना अशी. क्रोमॅनच्या दुसऱ्या कार्बनवर दोन मिथाइल, तिसऱ्यावर एक फिनाइल, सातव्यावर मिथॉक्सी. चौथ्यावर दुसरं फिनाइल, आणि त्याला इथॉक्सीच्या दुव्याने जोडलेली पायरोलिडिनची नायट्रोजनवाली कडी. दोन्ही फिनाइल एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. ही नायट्रोजनवाली शेपूट महत्त्वाची. इस्ट्रोजेनच्या ग्राहीत, म्हणजे पेशीतल्या ज्या प्रथिनात ते हार्मोन जाऊन बसतं त्यात, रेणू शिरतो, बसतो, आणि शेपूट बाहेर अशी अडकते की ग्राहीला नेहमीचं काम करता येत नाही. हे स्फटिकचित्रांत दिसलं ते १९९७-९८ च्या सुमाराला, रॅलॉक्सिफीन आणि टॅमॉक्सिफीन या भावंडांच्या बाबतीत. लखनौत ग्राहीचं चित्र कुणाकडे नव्हतं. होती ती पावडर, पिंजरे आणि वही.

टॅमॉक्सिफीनचं नाव घेतलंच आहे तर ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडात चेशायरच्या आयसीआय कंपनीत १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन या केमिस्टने ते बनवलं. हेतू तोच, गर्भनिरोधकाचा. उंदरांत झकास चाललं. बायकांमध्ये मात्र उलटंच झालं, बीज बाहेर पडायला चालनाच मिळाली. गर्भनिरोधक म्हणून खेळ खलास. पुढे तेच औषध स्तनांच्या कर्करोगावर लागू पडलं आणि असंख्य बायकांना त्याने आयुष्य दिलं. एकाच दशकात, एकाच घराण्यातले, शेपटासकट सारखे दोन रेणू. उंदराने दोघांबद्दल सारखीच ग्वाही दिली, त्यातली एक माणसात खरी ठरली आणि एक खोटी. यात केमिस्टच्या हुशारीचा वाटा किती आणि नशिबाचा किती? मला विचाराल तर निम्मे-निम्मे म्हणेन, आणि त्यातही थोडं हुशारीला झुकतं माप देईन ते माझे जुने केमिस्ट डोळ्यांसमोर येतात म्हणून. डोरा रिचर्डसनचं नाव टॅमॉक्सिफीन घेणाऱ्या किती जणींना माहीत असेल? सायटेशनच्या यादीतही ती कुठे ठळक दिसत नाही.

बारावा पेपर १९७६ चा. याच मालिकेतला पन्नासावा त्याच नियतकालिकात १९८६ मध्ये आला. दहा वर्षांत बारावरून पन्नासावर. या आकड्यांकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. आजच्या काळात कुणी असं केलं तर म्हणतील, एकच काम तुकडे पाडून छापतायत, पेपर वाढवायला. तशी माणसं असतात, मी त्यांचे पेपरही पुष्कळ शोधून दिलेत. पण या पन्नासाव्यात सेंटक्रोमॅनचे दोन आरसाबिंब रेणू वेगळे करून पाहिलेत. आतापर्यंतची गोळी म्हणजे डाव्या-उजव्याचं समसमान मिश्रण. वेगळं केल्यावर कळलं की ग्राहीला घट्ट धरतो तो डावा. हा डावा रेणू पुढे डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने लिव्हॉर्मेलॉक्सिफीन या नावाने हाती घेतला. मासिक पाळी थांबलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात, त्यावर औषध म्हणून. मोठ्या चाचण्यांपर्यंत मजल गेली आणि गर्भाशयाशी संबंधित त्रास दिसू लागल्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते थांबवलं. लखनौच्या पेपराचा प्रभाव डेन्मार्कपर्यंत पोचला, कोट्यवधींचा खर्च झाला आणि औषध आलं नाही. याला यश म्हणायचं की अपयश? पन्नासाव्या पेपरात लिहिलेलं रसायन मात्र तंतोतंत खरं होतं.

भारतात गोळी बाजारात आली १९९१ मध्ये, हिंदुस्तान लॅटेक्सकडून ‘सहेली’ म्हणून. रेणू साठच्या दशकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे जवळजवळ पाव शतक गेलं. नित्या आनंद १९७४ ते १९८४ या काळात संस्थेचे संचालक होते. गोळी दुकानात आली तेव्हा निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वय सत्त्याऐंशी. हा वेग पाहिला की वार्षिक अहवालात ‘या वर्षीचे परिणाम’ असा रकाना असतो त्याचं हसू येतं.

तिच्या घेण्याची पद्धत इतर गोळ्यांपेक्षा निराळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. मग आठवड्यातून एकदा. तीस मिलिग्रॅमची गोळी शरीरात रेंगाळते, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला आठवडाभर लागतो, म्हणून हे जमतं. इथे एक गंमत आहे. औषधरसायनात सर्वांत जास्त उल्लेखल्या गेलेल्या पेपरांपैकी एक म्हणजे फायझरच्या ख्रिस्तोफर लिपिन्स्कींचा १९९७ चा ‘रूल ऑफ फाइव्ह’वाला. तोंडाने घ्यायच्या औषधाचा रेणू कसा असावा याचे चार ठोकताळे: वजन पाचशेच्या आत, चरबीत विरघळण्याचा आकडा पाचाच्या आत, हायड्रोजन बंध देणारे गट पाचाहून जास्त नकोत, घेणारे दहाहून. त्या पेपराची सायटेशन हजारोंनी आहेत. फार्मसीच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, तो हे चार नियम सांगेल. सेंटक्रोमॅनचं वजन साधारण ४५८, ते बसतं. चरबीचा आकडा मात्र आजच्या संगणकाने काढला तर पाचाच्या पुढे जातो. आणि आठवड्याला एक गोळी पुरते त्यामागे या चरबीच्या ओढीचाही हात आहे. लिपिन्स्कींचा दोष नाही, एखादा नियम मोडला तर चालतं असं त्यांनीच म्हटलंय. पण नियम आधी आणि रेणू नंतर असता, तर एखाद्या तरुण केमिस्टने हा रेणू कागदावरच काट मारून सोडून दिला असता की काय, असं मला राहून राहून वाटतं.

सायटेशन आणि गुण यांची फारकत पाहायची तर गुग्गुळाची कथा बघावी. मेदावर गुग्गुळ हे सुश्रुतसंहितेतलं वचन धरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले, १९६६ चा त्यांचा प्रबंध. सुख देव यांनी त्यातले गुग्गुलस्टेरॉन वेगळे केले. ते आधी पुण्याच्या एनसीएलमध्ये होते, मग बडोद्याकडे गेले. सीडीआरआयने ‘गुगुलिपिड’ औषध म्हणून उभं केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते आपल्या बाजारात आलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला अडवतं, म्हणून कोलेस्टेरॉल उतरत असणार. वाहवा झाली. पुढच्याच वर्षी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात फिलाडेल्फियातल्या १०३ रुग्णांची आठ आठवड्यांची चाचणी छापून आली. गुगुलिपिड घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं चढलं होतं. तेव्हापासून दोन्ही पेपर एकमेकांच्या बरोबरीने उल्लेखले जातायत. दोघांचेही आकडे वाढतायत. आकडा पाहून यातलं कुणाचं ऐकावं हे मात्र ठरवता येत नाही.

आणि ज्यांच्या नावावर काहीच जमा होत नाही असेही आहेत. चीनच्या तू यूयू यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं. त्याची रचना सांगणारा १९७७ चा पेपर एका संशोधक गटाच्या नावाने छापला गेला, माणसांची नावंच नाहीत. त्या काळाची तिथली रीत तशी होती. पीएचडी नाही, परदेशी पदवी नाही, अकादमीचं सदस्यत्व नाही. २०१५ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा बऱ्याच जणांना ‘या कोण?’ हे शोधावं लागलं. त्याच रेणूचा एक भाऊ, आर्टिईथर, सीडीआरआयने इंजेक्शनाच्या रूपात तयार केला आणि मुंबईच्या थेमिस कंपनीने बाजारात आणला. गर्ट्रूड एलियन यांनी ल्युकेमियापासून हर्पीसपर्यंत औषधं दिली, १९८८ मध्ये नोबेल घेतलं, तेही अभ्यास करून मिळवलेल्या पीएचडीशिवाय. आपल्या विद्यापीठात त्यांना सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली असती का, हे वाचकांनी आपापसात ठरवावं.

मी नित्या आनंदांना आकड्यांच्या पलीकडचा संत करू पाहत नाही. चारशे पेपर सहज म्हणून होत नाहीत. त्यांना पेपर लिहायला आवडत असणार, विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागायला ते हवेही असतात. शेवटचं नाव त्यांचं, पहिलं राय यांचं, आणि मधल्या ग्रोव्हरांचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही, हेही आहेच. संचालकाच्या नावावर संस्थेचं काम चढतं, हा सगळीकडचा रिवाज आहे. आणि गोळीचंही तसंच. स्वदेशी, आठवड्याला एक, स्टेरॉइड नाही, इतकं सगळं असून सहेली वर्षानुवर्षं दुकानाच्या मागच्या फळीवर राहिली. पुष्कळ डॉक्टरांना ती लिहून द्यायची सवय नव्हती. भारताबाहेर तिचा फारसा प्रसार झालाच नाही.

२०१६ मध्ये सरकारने तिला राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात घेतलं. मग ती ‘छाया’ झाली, ‘अंतरा’ या इंजेक्शनच्या जोडीने. आता आपल्याकडच्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. माझ्या ओळखीतल्या एक आशाताई सांगतात की बायका रोजच्या गोळीपेक्षा हिला तयार होतात. रोजची गोळी विसरते आणि घरात दिसते, ही आठवड्याची असते आणि डब्यात खपून जाते. पहिल्या तीन महिन्यांचे वार मात्र पक्के करून द्यावे लागतात. बाजाराचा वार आणि उपासाचा वार असं कुणीतरी ठरवून घेतं, ते चांगलं चालतं म्हणे.

अडचण वेगळीच आहे. ही गोळी घेणाऱ्या काही बायकांची पाळी लांबते. पहिल्या महिन्यांत जास्त. औषधाच्या दृष्टीने यात काळजीचं काही नसतं. घरातल्या बाईला मात्र पाळी लांबणं म्हणजे एकच गोष्ट वाटते, आणि गोळी तर त्याच भीतीपायी घेतलेली असते. ती घाबरते आणि सोडून देते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करून खात्री करा, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. आशाताई तेच सांगतात. ‘पण पंधरा दिवस ती झोपत नाही त्याचं काय,’ असं त्या मला म्हणाल्या.

लखनौच्या तक्त्यांत उंदरांचे निकाल आहेत, वितळणबिंदू आहेत, मात्रा आहेत. हा पंधरा दिवसांचा रकाना त्यांत असणं शक्य नव्हतं, तो बायका गोळी घ्यायला लागल्यावरच उघडला. दुसऱ्या कार्बनवरचे मिथाइल बदलून, शेपूट आखूड-लांब करून, डावा रेणू वेगळ्या मात्रेत देऊन पाळीची ही ओढाताण कमी करता येते का, हा चांगला पीएचडीचा विषय आहे. त्यातून एच-इंडेक्स किती वाढेल ते सांगता येत नाही. साहित्यशोधाला सुरुवात कुठून करायची ते मात्र मी सांगू शकते: खंड १९, पान २७६.